पन्नास की साठ? घरगुती संगणक, टीव्हीचा पडदा आणि तीन रंगप्रणालींची फाळणी

(दीर्घ थ्रेड)

१/
१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीने आपला गाजलेला 'बीबीसी मायक्रो' हा संगणक अमेरिकेच्या बाजारात उतरवला. त्यासाठी दोन बदल करावे लागले. ब्रिटिश 'कलर' या आज्ञेचे स्पेलिंग यू-विनाही चालेल अशी बेसिक भाषेत सोय करावी लागली, आणि चित्राची उंची २५६ ओळींवरून २०० ओळींवर आणावी लागली. पहिला बदल किरकोळ होता. दुसऱ्याने मात्र ब्रिटनमध्ये लिहिलेल्या असंख्य प्रोग्रॅमांची मांडणी मोडली. ही यंत्रे अमेरिकेत खपली नाहीत. उरलेली परत आणून ब्रिटिश बाजारासाठी दुरुस्त करून विकावी लागली. त्या ५६ ओळी गेल्या कुठे? हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या काळातल्या बहुतेक घरगुती संगणकांना स्वतःचा पडदा नव्हता. स्वतंत्र मॉनिटर महाग असे, टीव्ही मात्र दिवाणखान्यात आधीच विराजमान होता. म्हणून संगणकाच्या पोटात 'मॉड्युलेटर' नावाची छोटी डबी बसवली जाई. ती संगणकाचे चित्र एखाद्या प्रक्षेपण केंद्रासारखे एका वाहिनीवर चढवी आणि वायरीतून टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत पोहोचवी. टीव्हीच्या दृष्टीने हा संगणक म्हणजे शेजारच्या खोलीतले एक इवलेसे दूरदर्शन केंद्रच. साहजिकच त्याला त्या देशातल्या केंद्रांची बोली बोलणे भाग होते.

३/
या बोलींची फाळणी संगणकाच्या कितीतरी आधी झाली होती. अमेरिकेने १९४१ साली ५२५ ओळींचे चित्र आणि सेकंदाला ६० अर्धचित्रे असे प्रमाण ठरवले. युरोपात पुढे ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० अर्धचित्रे रूढ झाली. (अर्धचित्र म्हणजे एकाआड एक ओळींचे चित्र; दोन मिळून एक पूर्ण चित्र.) ६० आणि ५० हे आकडे आले ते घरातल्या विजेवरून. अमेरिकेची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, युरोपची ५० ची. चित्राची गती विजेशी जुळलेली असली, की विजेच्या गुणगुणीने पडद्यावर उमटणारी सावली जवळपास जागच्या जागी राहते आणि डोळ्यांना खुपत नाही. गती जुळली नाही, तर तीच सावली पडद्यावरून सतत सरकत राहते.

४/
मग रंग आला. अमेरिकेने डिसेंबर १९५३ मध्ये एनटीएससी ही रंगप्रणाली मंजूर केली. जुन्या कृष्णधवल संचांवरही नवे प्रक्षेपण दिसले पाहिजे, ही अट होती. त्यामुळे रंगाची माहिती ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या एका वेगळ्या लहरीवर लादून कृष्णधवल चित्राच्या बारकाव्यांमध्येच दडवण्यात आली. लहर किती पुढे-मागे सरकली आहे, त्यावरून रंगाची छटा ठरे. युक्ती अप्रतिम होती, पण नाजूक. वाटेत लहर जराशी सरकली, की निवेदकाचा चेहरा हिरवट होई. म्हणून अमेरिकी संचांवर छटा जुळवण्याची स्वतंत्र कळ असे, आणि एनटीएससी म्हणजे 'तोच रंग दुसऱ्यांदा कधीच नाही' अशी थट्टा तिथले तंत्रज्ञच करीत.

५/
युरोपने या दोषावर दोन निराळे उपाय शोधले. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी रंगलहरीचा एक घटक दर ओळीला उलटा पाठवला. लागोपाठच्या दोन ओळींतल्या चुका एकमेकींना छेदून जातात. ही पाल प्रणाली. फ्रान्समध्ये आंरी द फ्रान्स यांनी रंगाचे दोन घटक आळीपाळीने, एकेका ओळीला एक असे पाठवले. ही सेकॅम. १९६७ साली ब्रिटन व पश्चिम जर्मनीत पाल, तर फ्रान्समध्ये सेकॅम सुरू झाली. निवड केवळ तांत्रिक नव्हती. सोव्हिएत संघाने फ्रान्सशी करार करून सेकॅम स्वीकारली, आणि एकच युरोपीय प्रणाली ठरवण्यासाठी भरलेल्या परिषदा निष्फळ ठरल्या.

६/
तेव्हा 'हा संगणक तिकडच्या टीव्हीवर का चालत नाही?' या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न होते.

पहिला वाहिनीचा: चित्र कोणत्या पट्ट्यात आहे आणि ध्वनी त्यापासून किती अंतरावर आहे?
दुसरा रंगाचा: छटा कोणत्या रीतीने सांकेतिक केली आहे?
तिसरा काळाचा: ओळी किती आणि सेकंदाला अर्धचित्रे किती?

पहिला प्रश्न मॉड्युलेटर बदलून सुटतो. दुसरा एखाद्या जोडमंडलाने सुटू शकतो. तिसरा मात्र फार कठीण. सेकंदाला ५० अर्धचित्रे येत आहेत आणि ६० द्यायची आहेत. मधली दहा आणायची कुठून?

७/
प्रक्षेपण संस्थांनाही हा प्रश्न छळत होता. सुरुवातीचा उपाय अगदी ढोबळ होता: एका प्रणालीच्या पडद्यासमोर दुसऱ्या प्रणालीचा कॅमेरा उभा करायचा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी बीबीसीच्या अभियंत्यांनी अख्खे अर्धचित्र विलंबवाहिन्यांत धरून ठेवणारे इलेक्ट्रॉनिक रूपांतरयंत्र वापरले. १९७२ साली ब्रिटनच्याच आयबीए या संस्थेने 'डाइस' हे अंकीय यंत्र सिद्ध केले. ही कपाटांएवढी यंत्रे होती. ६२५ ओळींचे एक अर्धचित्र अंकीय रूपात साठवायचे, तर दोन लाखांवर नमुने ठेवावे लागतात. १९७७ चा ॲपल टू सर्वात स्वस्त रूपात ४ किलोबाइट स्मृतीसह विकला जाई. घरात असे रूपांतर करणे केवळ अशक्य होते.

८/
म्हणून घरगुती संगणकांच्या जगात रूपांतर चित्राचे झाले नाही, यंत्राचे झाले. दुसऱ्या देशात जायचे तर संगणकच नव्याने घडवावा लागे. आणि इथेच खरी मेख होती. या यंत्रांचे काळजाचे ठोके टीव्हीच्या लहरीवरच बेतलेले होते. खर्च वाचवण्यासाठी एकच स्फटिक चित्रही चालवी आणि प्रोसेसरही. चित्राची प्रणाली बदलली, की संगणकाचा वेग, घड्याळ, संगीत, खेळातली चाल, सारेच बदले.

९/
ॲपल टू हे याचे सर्वात देखणे उदाहरण. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी त्यात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवला. हा आकडा म्हणजे एनटीएससी रंगलहरीच्या बरोबर चौपट. पडद्यावर एक ठिपका पेटता, एक विझता अशी रांग काढली, की संदेशात नेमकी ३.५८ मेगाहर्ट्झची लहर तयार होई, आणि टीव्ही तिला रंग समजे. ठिपके सम स्तंभात असतील तर जांभळा, विषम स्तंभात असतील तर हिरवा. रंग निर्माण करणारे वेगळे मंडल जवळजवळ नाहीच. टीव्हीच्या गैरसमजातून रंग काढायचे. मोजक्या चिपांत रंगीत संगणक शक्य झाला तो या करामतीमुळे.

१०/
पण गैरसमज भाषेगणिक बदलतात. पालची रंगलहर ४.४३ मेगाहर्ट्झची, शिवाय दर ओळीला उलटणारी. युरोपसाठी काढलेल्या 'ॲपल टू युरोप्लस'मध्ये स्फटिक १४.२५ मेगाहर्ट्झचा आला. पूर्वीसारखाच ९१२ ने भागला, की ६२५ ओळींच्या प्रणालीला हवे असलेले सेकंदाला १५,६२५ ओळींचे माप बरोबर मिळते. चित्र स्थिर झाले, पण रंग नाहीसा झाला. अमेरिकेत जांभळ्या-हिरव्या दिसणाऱ्या आकृती युरोपात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दिसू लागल्या. रंग हवा असेल तर सातव्या खाचेत वेगळे रंगकार्ड विकत घेऊन बसवायचे. अमेरिकेत फुकट मिळालेली गोष्ट युरोपात पैसे मोजून घ्यावी लागली.

११/
उलट दिशेचा प्रवासही सुखाचा नव्हता. सिंक्लेअरचा झेडएक्स ८१ अमेरिकेत टाइमेक्सच्या नावाने गेला. या स्वस्त यंत्रात चित्र रंगवण्याचे काम प्रोसेसरच करी. तुमच्या प्रोग्रॅमकडे तो वळे ते चित्राच्या वरच्या आणि खालच्या कोऱ्या पट्टीत. ही पट्टी ब्रिटनमध्ये ५५ ओळींची, अमेरिकेत ३१ ओळींची; पुस्तिकेत हे दोन्ही आकडे शांतपणे दिलेले आहेत. हिशेब करा: ब्रिटनमध्ये ११० कोऱ्या ओळी, सेकंदाला ५० वेळा, अमेरिकेत ६२ ओळी, ६० वेळा. ५,५०० विरुद्ध ३,७२०. म्हणजे चित्र सतत दिसत असताना तोच प्रोग्रॅम अमेरिकेत ढोबळमानाने एक तृतीयांश मंद चाले.

१२/
एकॉर्नच्या ५६ ओळींचे रहस्य आता उलगडते. ६२५ ओळींच्या प्रणालीत प्रत्येक अर्धचित्राला सुमारे ३१२ ओळी मिळतात, ५२५ च्या प्रणालीत सुमारे २६२. समासासाठी वर-खाली जागा सोडली, की ब्रिटनमध्ये २५६ ओळी सहज बसतात. अमेरिकेत त्या पडद्यातच मावत नाहीत. पडद्याच्या तळाशी गुण, सूचना किंवा प्रश्न मांडणाऱ्या ब्रिटिश लेखकाने काही चूक केली नव्हती. त्याच्या कागदाचा खालचा भागच दुसऱ्या देशात कापला गेला होता.

१३/
कमोडोर ६४ या अत्यंत लोकप्रिय संगणकाने ही फाळणी घराघरांत नेली. त्याच्या चित्रचिपचे दोन मुख्य अवतार होते: एनटीएससीसाठी ६५६७ आणि पालसाठी ६५६९. अमेरिकी यंत्राचा प्रोसेसर १.०२३ मेगाहर्ट्झने चाले, युरोपीय ०.९८५ ने. म्हणजे युरोपीय यंत्र जरासे मंद. पण एका चित्राच्या अवधीत त्याला १९,६५६ ठोके मिळत. अमेरिकी यंत्राला १७,०९५. दर चित्रामागे युरोपीय प्रोग्रॅमरच्या हाती सुमारे १५ टक्के अधिक वेळ होता. युरोपातल्या तरुणांनी ठोका न् ठोका मोजून रचलेली दृश्ये अमेरिकी यंत्रावर फडफडत, तुटत किंवा साफ बंद पडत. ती चालती करणे ही तिकडच्या हौशी मंडळींची एक स्वतंत्र कलाच बनली.

१४/
संगीताचे काय झाले ते अधिक बोलके आहे. या संगणकाच्या 'सिड' ध्वनिचिपचा सूर प्रोसेसरच्या ठोक्यावरून ठरे आणि बहुतेक रचनांची लय चित्राच्या गतीवरून. युरोपात बांधलेली धून अमेरिकी यंत्रावर लावली, की सूर सुमारे पावणेचार टक्क्यांनी चढे. आपल्या संगीताच्या भाषेत साधारण एका श्रुतीएवढा हा फरक. लय मात्र जवळजवळ एक पंचमांशाने धावू लागे. संथपणे उलगडण्यासाठी बांधलेली रचना घाईघाईने उरकल्यासारखी वाटे. खेळांची कथा याच्या दोन्ही बाजूंनी खरी आहे: अमेरिकेत वा जपानमध्ये ६० च्या गतीला बांधलेले अनेक खेळ युरोपात कासवगतीने चालले, आणि तिथल्या मुलांना तीच त्यांची मूळ गती वाटली.

१५/
फ्रान्सची अडचण निराळी होती. सेकॅमचा रंगसंकेत स्वस्तात निर्माण करणे अवघड. अटारी २६०० या खेळयंत्राच्या सेकॅम आवृत्तीत तर केवळ आठ रंग उरले. पण फ्रान्सनेच यावर सर्वात शहाणा तोडगा दिला. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या नव्या टीव्हींना 'पेरितेल' ही एकवीस टोकांची जोडणी सक्तीची झाली. पुढे ती युरोपभर 'स्कार्ट' म्हणून पसरली. तिच्यातून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही घटक सरळ टीव्हीत नेता येत. रंगाची कोणतीच सांकेतिक बोली मध्ये येत नसे, त्यामुळे पाल आणि सेकॅम हा वादच मिटे. ब्रिटनचा ओरिक संगणक फ्रान्समध्ये रुजला, त्यामागे त्याची ही थेट जोडणी होती.

१६/
दक्षिण अमेरिकेत बोलींचे संकर झाले. ब्राझीलमध्ये वीज ६० ची, ओळी ५२५, पण रंग पालचा. अर्जेंटिनात ५० आणि ६२५, पण पालची रंगलहर ३.५८ च्या आसपास. त्यामुळे ना अमेरिकेचा संगणक तिथे रंग दाखवी, ना युरोपचा. ब्राझीलच्या मायक्रोडिजिटल कंपनीने स्पेक्ट्रमची स्थानिक नक्कल 'टीके ९० एक्स' आपल्या प्रणालीला जुळवून काढली. अर्जेंटिनासाठी कमोडोर ६४ ची ६५७२ ही तिसरी चित्रचिप बनली; तिथे हे यंत्र 'द्रेआन' या नावाने विकले गेले.

१७/
भारत या नकाशात कुठे होता? आपली वीज ५० ची, ओळी ६२५, आणि १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी रंग आला तो पालचा. १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' ही संगणक साक्षरता योजना सुरू झाली आणि तिच्यासाठी निवड झाली ती बीबीसी मायक्रोची. पुढे तो 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने भारतातही तयार झाला. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना ते यंत्र पूर्ण २५६ ओळींसह मिळाले. जे अमेरिकेत कापले गेले, ते आपल्याकडे आपोआप शाबूत राहिले. मेळ तिथेही पूर्ण नव्हता: ब्रिटनचा मॉड्युलेटर यूएचएफच्या ३६ व्या वाहिनीवर बोले, आपले प्रक्षेपण व्हीएचएफवर. म्हणून वेगळा मॉनिटर जोडणे सोयीचे.

१८/
अमेरिकेहून कुणी हौसेने संगणक आणला, तर त्याची कथा अधिक खडतर. ११० व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटे, पण ट्रान्सफॉर्मर ६० चे ५० करीत नाही. इथल्या टीव्हीवर चित्र खालून वर पळत राही. उभी स्थिरता साधणारी कळ फिरवून ते थांबले, तरी दिसे कृष्णधवल, कारण रंगलहर वेगळी. ध्वनी ऐकूच येत नसे, कारण अमेरिकेत तो चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर, तर आपल्याकडे ५.५ वर. वाहिनी, रंग, काळ: सहाव्या भागातले तिन्ही प्रश्न एकाच पडद्यावर हजर.

१९/
दोन्ही बोली जाणणारा संगणक यायला दशक सरावे लागले. कमोडोरच्या अमिगाची पहिली आवृत्ती १९८५ मध्ये आली ती केवळ एनटीएससीची; पाल आवृत्ती मागाहून आली. पुढच्या एका चिपमध्ये मात्र ५० आणि ६० यांतली निवड प्रोग्रॅमच्या एका आज्ञेने करता येऊ लागली. तरी भिंत पुरती पडली नव्हती. १९९० चे 'व्हिडिओ टोस्टर' हे अमिगावरचे गाजलेले चित्रसंपादन यंत्र एनटीएससीपुरतेच होते. त्याचे पाल रूप निघाले नाही. १९८७ मध्ये आयबीएमच्या व्हीजीए प्रमाणाने संगणकाचा पडदा टीव्हीपासून कायमचा वेगळा केला. मॉनिटरची गती साऱ्या जगात एकच झाली, आणि ५०-६० चा वाद संगणकापुरता मागे पडला.

२०/
मग आज याची आठवण कशाला? कारण त्या काळातली डिजिटल कला आता इम्युलेटरमध्ये जगते आहे, आणि ते सुरू करणाऱ्याला एक निवड करावी लागते: पाल की एनटीएससी? ती चुकली, की धून चुकीच्या सुरात वाजते, खेळ चुकीच्या गतीने धावतो, दृश्य अर्ध्यावर तुटते. शिवाय आजचे बहुतेक पडदे ६० चे. त्यांवर ५० चे चित्र सरकताना अडखळते. मूळ फाइलमध्ये प्रणालीची नोंद बहुधा नसते. कागदपत्राखालची तारीख पुसली जावी, तशी ही हानी आहे. मजकूर शिल्लक राहतो, पण तो कसा वाचायचा हे हरवते.

२१/
आणि फाळणीचा अवशेष फार दूर नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीलाही रंगीत टीव्ही जोडता यावा म्हणून तोच १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवला होता. त्याला तीनने भागून प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झचा वेग निघाला. त्या वंशातल्या संगणकांत विजेच्या नियमनासाठी असलेल्या एका प्रमाणित कालमापकाची वारंवारता आजही ठरलेली आहे: ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ. म्हणजे १९५३ साली अमेरिकी टीव्हीच्या रंगासाठी निवडलेला आकडा, जिथे एनटीएससी कधीच नव्हती अशा देशांतल्या संगणकांतही टिकटिकतो आहे.

२२/
प्रमाणे ठरवणाऱ्यांना आपल्या निर्णयाचे आयुष्य ठाऊक नसते. विजेच्या आवर्तनांचा आकडा टीव्हीकडे आला, टीव्हीकडून संगणकाच्या ठोक्यात आला, आणि तिथून एखाद्या मुलाच्या कानातल्या सुरात उतरला. कुणाच्या माळ्यावर जुना स्पेक्ट्रम, कमोडोर किंवा युनिकॉर्न असेल, कॅसेटी असतील, तर टाकून देण्याआधी एक काम अवश्य करावे. यंत्र कोणत्या देशातून आले, कोणत्या टीव्हीला जोडले जाई, पाल होते की एनटीएससी, हे एका चिठ्ठीवर लिहून त्यासोबत ठेवावे. पुढे ते कुणी पुन्हा सुरू केले, तर त्याला सूर आणि लय दोन्ही अचूक सापडतील.

(समाप्त)